घराचं बाहेरचं रूप बदलताना परवानगी लागते का? सगळे विचारतात ते प्रश्न

आधी हे का लिहितोय ते सांगतो. आमचा बंगला बाबांनी १९८४ साली बांधला, लोडबेअरिंग (म्हणजे कॉलम नाहीत, सगळा भार भिंतींवर), खाली चार खोल्या वर दोन, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या हद्दीत. दोन वर्षांपूर्वी त्याचं रिनोव्हेशन काढलं आणि बाहेरच्या कामावरून नोटीस, फाईल, त्रुटी, परत फाईल असं सगळं साग्रसंगीत करून झालं. तेव्हापासून गल्लीतले, ऑफिसातले, बायकोच्या माहेरचे, ज्याला म्हणून घराला हात लावायचाय तो मलाच फोन करतो आणि तेच तेच विचारतो, म्हणून एकदाच टाइप करून ठेवतोय. मी आर्किटेक्ट नाही की वकील नाही. नियम मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राचे धरलेत, मुंबईचं खाली वेगळं लिहिलंय.

बाहेरून काहीही बदललं तरी परवानगी लागते का हो?

नाही. आपल्याकडे बांधकामाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६, सगळे त्याला एमआरटीपीच म्हणतात. त्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय विकास करायचा नाही असं म्हटलंय आणि लगेच सूट पण दिलीये, की देखभाल-सुधारणेचं काम फक्त इमारतीच्या आतलं असेल किंवा त्याने बाहेरच्या स्वरूपात लक्षणीय फरक पडत नसेल तर परवानगी नको. सगळा घोळ त्या 'लक्षणीय' शब्दाचा आहे. आपल्याला जे किरकोळ वाटतं ते रस्त्यावर उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंत्याला लक्षणीय वाटू शकतं, आणि खरं सांगू का, बऱ्याचदा त्याचंच बरोबर असतं.

रंग, गिलावा, वॉटरप्रूफिंग, फुटकी कौलं बदलणं?

बिनधास्त करा. फुगलेला गिलावा पाडून नवीन मारणं, रंग, गच्चीला कोबा, पन्हाळी बदलणं, जुन्या खिडकीच्या जागी त्याच मापाची ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची खिडकी, यातलं काही फाईलचं काम नाही. फक्त राडारोडा रस्त्यावर टाकू नका. आमच्या गल्लीत परवानगी असलेल्या माणसालाही त्यावरून दंड झालाय.

मग लागते ती नक्की कशाला?

मला समजलं ते असं की त्यांना तुमचं घर कसं दिसतं याच्याशी फारसं देणंघेणं नाहीये. निळा रंग द्या नाहीतर सिंहाचे पुतळे बसवा. ते बघतात तीनच गोष्टी. घराची बाहेरची रेघ सरकली का म्हणजे मार्जिनमध्ये, घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, काही आलं का, चटईक्षेत्र म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम) वाढला का, आणि भार घेणाऱ्या कशाला धक्का लागला का. बाहेरची किंवा सामाईक भिंत पाडून परत बांधणं, गॅलरी खोलीत घेणं, नवीन जिना, पत्र्याच्या जागी स्लॅब, ओट्याची खोली करणं, उतरतं छप्पर काढून सपाट गच्ची, या सगळ्याला परवानगी. महापालिका अधिनियम १९४९ मध्येही बाहेरच्या भिंतीत फेरफार करायचा तर आधी कळवा असं आहेच, म्हणजे दोन्ही बाजूंनी सापडता.

खिडकी मोठी करायचीये, हॉलला फ्रेंच विंडो पाहिजे.

माप बदललं की प्रश्न सुरू. आरसीसी फ्रेमचं घर असेल आणि दोन कॉलमच्या मधली नुसती भरीव भिंत असेल तर तुलनेने सोपं जातं. आमच्यासारखं लोडबेअरिंग असेल तर ती भिंतच वरचा स्लॅब धरून उभी आहे हे डोक्यात ठेवा. आमच्या ठेकेदाराने चार फुटी खिडकी आठ फुटी करायची म्हणून टेकू न लावता कोपऱ्यातल्या विटा काढायला सुरुवात केली होती, आई ओरडली म्हणून थांबला, तिला काही लिंटेल (खिडकीवरचा आडवा बीम) वगैरे माहीत नाही, तिला वरच्या खोलीच्या फरशीतून आवाज आला एवढंच. स्ट्रक्चरल इंजिनिअर आला, त्याने पहिल्यांदा कपाळावर हात मारला आणि मग नवीन लिंटेल बीमचं ड्रॉइंग दिलं. त्याची फी बघून त्या दिवशी पोटात गोळा आला होता, आज वाटतं स्वस्तात सुटलो.

शेजाऱ्याच्या बाजूला नवीन खिडकी काढली तर?

तुमच्या बाजूला नियमाप्रमाणे सामासिक अंतर, म्हणजे तेच मार्जिन, असेल तर काढता येते, पण नकाशात दाखवून. शेजारी बोंबलणारच, ते धरून चला. उलट केसही असते: त्याच्या खिडकीतून २० वर्षं बिनतक्रार उजेड-वारा येत असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्याला हक्क मिळालेला असू शकतो, आणि तुम्ही तिथे भिंत उभी केलीत तर महापालिकेची परवानगी खिशात असूनही तो कोर्टात जाऊ शकतो.

गॅलरी बंद करायला कशाला परवानगी, सगळे करतातच की.

करतात खरं. पण दोन गोष्टी ऐका. एक म्हणजे तुमच्या मंजूर नकाशात ती गॅलरी उघडी म्हणून दाखवलेली असेल, तर ती भिंत घालून खोलीत घेणं हे नकाशाबाहेरचं काम आहे, जुन्या इमारतींत गॅलऱ्या बऱ्याचदा एफएसआयच्या बाहेर धरलेल्या असायच्या म्हणून तर जास्तच. मुंबईत २०१२ साली गॅलरी, फ्लॉवरबेड एफएसआयमध्ये धरायचा निर्णय झाला तो याच पळवाटेमुळे. दुसरी गोष्ट वजनाची. गॅलरी म्हणजे बाहेर लोंबकळणारा स्लॅब. चार इंची विटेची दहा फूट उंच भिंत गिलाव्यासकट धरली तर एका रनिंग मीटरला सात-आठशे किलो होते, आणि ती आपण नेमकी स्लॅबच्या टोकावर नेऊन बसवतो. वर परत वॉशिंग मशीन. सरकत्या काचा किंवा जाळी लावणं वेगळं आणि वीटकाम वेगळं, फॅब्रिकेटर मात्र दोन्हीला 'काही होत नाय ओ' एवढंच म्हणतो.

आणि बॉक्स ग्रिल?

भिंतीच्या रेषेत ग्रिल असेल तर कोणी विचारत नाही. बाहेर दीड फूट काढून त्यात कुंड्या, सिलिंडर, सायकल असं गोडाऊन केलं की सोसायटी पण विचारते आणि आगीच्या वेळी अग्निशमनवालेही शिव्या घालतात, कारण त्याच्यातून माणूस बाहेर काढता येत नाही. लावायचंच असेल तर उघडणारी झडप ठेवा.

पोर्च वाढवायचाय. पत्रा होता, आता स्लॅब टाकतोय.

माझी नोटीस याचीच, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या पुढच्या दारावर लोखंडी पाइपावर पत्र्याचा पोर्च होता. ठेकेदार म्हणाला साहेब त्याच मापात स्लॅब टाकू, रिपेअरिंगच आहे, परवानगी-बिरवानगी काय लागत नाही, आणि वरच्या बेडरूममधून एक दार काढू म्हणजे मस्त सिटआउट होईल. मला सिटआउट हा शब्द आवडला, तिथेच फसलो. सेंट्रिंग लागलं, सळया बांधून झाल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला गेलो तर गेटला काम थांबवण्याची नोटीस चिकटवलेली. कोणीतरी तक्रार केली असणार, कोणी ते मी शोधत बसलो नाही, गल्लीत राहायचंय.

नंतर समजलं ते असं. प्रवेशावर आधाराशिवाय बाहेर काढलेली कॅनॉपी मार्जिनमध्ये चालते, पण ठरावीक मापात, तीही उघडी, प्लॉटच्या हद्दीपासून दीड मीटर मोकळं सोडून, आणि वरच्या मजल्यावरून तिच्यावर बसाउठायला जायची सोय नको. म्हणजे माझं ते सिटआउटचं दार काढलं की ती कॅनॉपी राहतच नाही, ती गच्ची होते. खिडकीवरचा साधा छज्जासुद्धा मार्जिनमध्ये ०.७५ मीटरपर्यंतच. माझ्या पोर्चला खांब होते, वर दार होतं आणि हद्दीपासून अंतर चार फूटसुद्धा नव्हतं, म्हणजे तिन्ही चुका एकदम.

नोटीस आली तर पहिलं काय करायचं?

काम थांबवा. खरंच थांबवा, रात्रीतून स्लॅब ओतून टाकू असा सल्ला देणारे दहा भेटतील (मलाही भेटले, त्यातला एक तर निवृत्त सरकारी नोकर होता). थांबवायची नोटीस एमआरटीपीच्या कलम ५४ खाली येते, पाडायची ५३ खाली. ५३ ची आली तर नोटिशीत लिहिलेल्या मुदतीतच कलम ४४ प्रमाणे बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, नियमात बसणारं काम असेल तर वाचतं. नोटिशीला उत्तर लेखी द्या, बारनिशीत देऊन आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घ्या, 'मी साहेबांशी बोललोय' याला काही अर्थ नसतो, साहेब बदलतात. शिवाय २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रस्ता, फुटपाथ वगैरेवरचं अतिक्रमण सोडलं तर किमान १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करायचं नाही. दुर्लक्ष केलं तर कलम ५२ मध्ये कैदेचीही तरतूद आहे, आणि महापालिका हद्दीत अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती म्हणजे दंड लागू शकतो, ती दरवर्षी येत राहते. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना विचारा शास्तीकर म्हणजे काय चीज होती ती.

फाईल टाकली, पण अडते कुठे?

जुन्या नकाशावर. हे मी सगळ्यांना घसा फोडून सांगतो आणि कोणी ऐकत नाही. लोकांना वाटतं नवीन पोर्चचं डिझाइन कसं आहे यावर ठरणार. तिथे पहिला प्रश्न येतो की आज जे घर उभं आहे ते तुमच्या मंजूर नकाशाप्रमाणे आहे का? नसेल तर पोर्च बाजूलाच राहतो आणि तीस-चाळीस वर्षांत घराला जे जे चिकटलंय ते सगळं टेबलावर येतं.

आमचा नकाशा बाबांच्या एलआयसीच्या पिशवीत सापडला, गृहकर्जाच्या कागदात, निळसर अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेली, कोपऱ्यात लाल शाईत मंजुरीची सही आणि शिक्का. आर्किटेक्ट मुलीने ती अंगणात फरशीवर पसरली, चार कोपऱ्यांना चार चपला ठेवल्या आणि टेप घेऊन घराभोवती फिरली. उजव्या बाजूला नकाशात मोकळं मार्जिन, आणि प्रत्यक्षात तिथे धुण्याची मोरी, वर पत्रा, कडेला अर्धी भिंत. बाबांनी ९१ साली बांधलेली, त्या वर्षी नळाला प्रेशर नव्हतं म्हणून. मी त्या मोरीत लहानपणी आंघोळ केलीये आणि माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं की ती बेकायदेशीर आहे. मागच्या बाजूला जिन्याखाली संडास, तो मात्र नकाशात होता, नशीब.

मग तिने नवीन नकाशा काढला: नवीन काम लाल, पाडायचं ते पिवळ्या रेघोट्यांत. मोरी पिवळी झाली. ती पाडून दाखवली, फोटो जोडले, पोर्चचे खांब काढून लहान कॅनॉपी केली, सिटआउटचं दार गेलं, तेव्हा कुठे फाईल हलली.

नकाशा सापडतच नाहीये, आता?

आधी घरातले सगळे ट्रंक, बँक (कर्ज घेतलं असेल तर त्यांच्याकडे कॉपी असते), जुना आर्किटेक्ट, सोसायटीचं दप्तर. नाहीच मिळाला तर महापालिकेच्या रेकॉर्डमधून साक्षांकित प्रत मागा, साधा अर्ज चालत नसेल तर माहिती अधिकारात टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि ३० दिवस. अर्जात सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, त्या वेळच्या मालकाचं नाव आणि अंदाजे साल लिहा, नुसता आजचा पत्ता लिहिलात तर 'आढळ होत नाही' असं उत्तर येणार. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे हे पण लक्षात घ्या, अनधिकृत घरालाही घरपट्टी लागतेच. मुळात मंजुरीच नसेल आणि गुंठ्याने घेतलेला प्लॉट असेल तर २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं घेतली, पण तो वेगळाच विषय आहे, इथे नाही शिरत.

अर्ज मी स्वतः करू शकतो का? किती दिवस?

सही आर्किटेक्ट किंवा लायसन्सवाल्या इंजिनिअरची लागते, अर्ज ऑनलाइन जातो. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, जुना मंजूर नकाशा, भोगवटा पत्र (राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला), करभरणा, भार वाढत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. कायद्यात ६० दिवस आहेत, तेवढ्यात उत्तर नाही आलं तर परवानगी दिली असं मानायचं, पण काम सगळं नियमात असेल तरच, त्यामुळे त्या भरवशावर टिकाव मारू नका. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे युडीसीपीआरमध्ये, छोट्या प्लॉटवाल्यांना बरंच सोपं केलंय: १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नियमातला नकाशा आणि पैसे भरल्याची पावती हीच परवानगी, ३०० पर्यंत १० दिवसांत निर्णय. लोक याचा अर्थ 'दीड हजार फुटाला काही लागत नाही' असा करतात. नकाशा लागतोच. परवानगी एक वर्ष चालते, त्यात काम सुरू झालं नाही तर रिन्यू करा.

कंपाउंडची भिंत उंच करायचीये, रस्त्यावरून घरात सगळं दिसतं.

पुढच्या बाजूला भरीव भिंत दीड मीटरपर्यंत. २.४ मीटर करता येते, पण वरचं ०.९ मीटर जाळी किंवा ग्रिल असं उघडं पाहिजे. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर वळणाशी भरीव भाग आणखी कमी ठेवावा लागतो, वळणारी गाडी दिसावी म्हणून. आणि गेट आत उघडणारं करा, ते रस्त्यावर उघडलेलं चालत नाही.

दगडी क्लॅडिंग (बाहेरून भिंतीला दगड लावणं), एसीपी शीट (ॲल्युमिनियमचे पत्रे)?

परवानगीपेक्षा पकड बघा. एक इंच जाडीचा दगड चौरस मीटरला ६५-७० किलो भरतो, तो जुन्या गिलाव्यावर चिकटवला तर दगड गिलाव्यासकट खाली येतो. गिलावा काढून विटेपर्यंत जा आणि डोक्याच्या वर जिथे जाईल तिथे क्लॅम्प लावा. हौस खालच्या तीन फुटांवरच भागवली तर उत्तम, माझं मत.

गच्चीवर पत्रा, सोलर?

गळती म्हणून उभारलेला पत्रा आणि पत्र्याखाली झालेली खोली यात फरक आहे, बाजू बंद केल्या की ते बांधकाम. पावसाळी शेडला बऱ्याच ठिकाणी तात्पुरती परवानगी मिळते, मुदत संपली की काढायची. सोलरचा अर्ज महावितरणकडे वेगळा. पॅनल आठ-दहा फूट उंच सांगाड्यावर घेऊन खाली पार्टी हॉल केला की मग सांगू नका की सोलर आहे. आणि गच्ची किंवा गॅलरी वाढवताना बाहेरच्या विजेच्या तारा बघा, साध्या लाइनपासूनही आडवं किमान १.२ मीटर अंतर पाहिजे.

आमचा फ्लॅट आहे. सोसायटीने हो म्हटलं, बास ना?

नाही. सोसायटीची एनओसी आणि महापालिकेची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी, एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. बाहेरची भिंत तुमची एकट्याची नाहीच, ती सगळ्यांची. अपार्टमेंट असेल, म्हणजे १९७० च्या कायद्याखालची, तर इमारतीच्या मजबुतीला धोका येईल अशा कामाला बाकी सगळ्या मालकांची संमती लागते, कमिटीतल्या तिघांची सही पुरत नाही.

पेठेतला जुना वाडा आहे, लाकडी गॅलरी काढून स्टील लावायचं.

आधी हेरिटेज यादीत नाव आहे का बघा, असेल तर हेरिटेज कमिटीकडे जावं लागतं आणि तिथे मात्र घर कसं दिसतं हाच मुख्य मुद्दा असतो, मी वर लिहिलंय त्याच्या अगदी उलट. शनिवारवाड्यासारखं केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित. शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम बंदच, पण १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या घराच्या दुरुस्तीला अर्ज करता येतो, सक्षम प्राधिकाऱ्याकडे. महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान हे इको सेन्सिटिव्ह, तिथले नियम वेगळे. कोकणात समुद्राजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, बघा.

मुंबईचं काय?

तिथे युडीसीपीआर नाही, डीसीपीआर २०३४ ही तिथली वेगळी नियमावली आहे, आणि महापालिकेचा स्वतःचा १८८८ चा कायदा. त्यात कलम ३४२ मध्ये किरकोळ, भाडेकरूला करता येतील अशा दुरुस्त्या कोणत्या ते दिलंय, त्याच्या बाहेर गेलात की ३५१ किंवा ३५४अ ची नोटीस. चाळीत किंवा जुन्या भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं काही बांधू नका, भाडे नियंत्रण कायद्यात त्यावरून घर खाली करायला लावता येतं.

झाड आड येतंय पोर्चच्या.

शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी, आपल्या अंगणातलं असलं तरी. आमचा आंबा वाचावा म्हणून कॅनॉपी एका बाजूला नऊ इंच कमी केली, आता ती जरा वाकडी दिसते, पाहुणे विचारतात, मी डिझाइन आहे म्हणून सांगतो.

मोरी पाडलीत, मग काकू धुणं कुठे धुतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, तोही बायकांकडूनच. मशीन आत घेतलंय. पण नळ आणि फरशी तशीच ठेवली, पत्रा आणि भिंत तेवढी गेली. आई पायपुसणी घेऊन अजून तिथेच बसते, आता ऊन लागतं म्हणून डोक्यावर टॉवेल टाकून.